केरोला थांबावं लागे

ओहायो नदी पिट्सबर्गपासून जवळजवळ 1,580 किलोमीटर वाहत येते आणि इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला मिसिसिपीला मिळते. संगमापुढे नाव मिसिसिपीचं चालतं, पण पाणी मोजलं तर ओहायोचा वाटा मोठा असतो. दोन्ही प्रवाह मिळाल्यावरही बराच वेळ एकमेकांत मिसळत नाहीत. एका अंगानं ओहायोचं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी, दुसऱ्या अंगानं मिसिसिपीचा गढूळ लोंढा, आणि मधे स्पष्ट दिसणारी रेघ. या दोन नद्यांच्या बेचक्यात जमिनीची एक अरुंद जीभ आहे. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम 315 फूट, राज्यातला सगळ्यांत सखल भाग. पूर्वेला नदीपार केन्टकी, पश्चिमेला नदीपार मिसूरी. या जिभेवर वसलेल्या गावाचं नाव इजिप्तच्या राजधानीवरून ठेवलेलं आहे, पण गावकरी त्याचा उच्चार 'केरो' असा करतात. आपणही तसाच करू.

आसपासच्या मुलखालाच 'लिटल इजिप्त' म्हणतात. थीब्ज, कार्नाक अशी गावं तिथे आहेत. 1830-31 च्या भयंकर हिवाळ्यात उत्तर इलिनॉयमधली पिकं बुडाली आणि लोक धान्यासाठी दक्षिणेकडे गाड्या घेऊन आले. बायबलमधले याकोबाचे मुलगे दुष्काळात इजिप्तला धान्य आणायला गेले होते, त्या गोष्टीवरून हे नाव रूढ झालं असं सांगतात. केरो हे नाव मात्र त्या हिवाळ्याच्याही आधीचं आहे.

2020 च्या जनगणनेत केरोची लोकसंख्या 1,733 भरली. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 1920 मध्ये, ती 15,203 होती. दहातली जवळजवळ नऊ माणसं गेली. पहिला संशय नदीवर जातो, कारण दोन एवढ्या मोठ्या नद्यांच्या मधे गाव म्हटल्यावर ते बुडालंच असणार असं कोणालाही वाटेल. पण 1927, 1937 आणि 2011 अशा तिन्ही महापुरांत केरोचे बांध टिकले, शहर कोरडं राहिलं. पाणी बाहेर अडवणं या गावाला छान जमलं. माणसं आत थांबवणं जमलं नाही, आणि त्याची कारणं नदीत शोधून सापडणार नाहीत.

नकाशा पाहून भुललेला पहिला माणूस म्हणजे बॉल्टिमोरचा व्यापारी जॉन कोमेजिस. इलिनॉय अजून राज्यही झालं नव्हतं तेव्हा, 1818 मध्ये, त्यानं इथली सुमारे 1,800 एकर जमीन घेतली आणि प्रादेशिक विधिमंडळाकडून एक सनद मिळवली. शहर आणि बँक अशी जोड-कंपनी होती ती. प्लॉट विकायचे, आलेल्या पैशातला एक हिस्सा बांधासाठी बाजूला काढायचा आणि उरलेल्यातून बँकेचं भांडवल उभं करायचं. कागदावर हिशेब चोख होता. पूर्वेकडचा सगळा माल ओहायोनं येणार, उत्तरेकडचा मिसिसिपीनं येणार, आणि दोन्ही खाली न्यू ऑर्लिन्सला जाणार. मग जिथे दोन्ही भेटतात तिथे शहर झालं नाही तर होणार कुठे? कोमेजिस 1820 मध्ये वारला आणि बेत बारगळला. गंमत म्हणजे बँक ऑफ केरो पुढे सुरू झाली, पण तिची कचेरी दूर कॅस्कॅस्किया गावात होती. केरोत बँक उघडायला केरो होतं कुठे!

दुसरा प्रयोग 1837 मध्ये बोस्टनच्या डेरियस होलब्रुकनं केला. हा गडी अधिक धाडसी. 'केरो सिटी अँड कनाल कंपनी' काढून त्यानं रोखे थेट लंडनच्या बाजारात विकले. आलेल्या पैशातून बांध घातला, कारखाने आणि जहाजबांधणीचा तळ उभारला, मजूर आणले. 1840 मध्ये लंडनची जॉन राइट अँड कंपनी ही पेढी बुडाली, पैशाचा झरा आटला आणि गाव बघता बघता रिकामं झालं. राहिले ते बांधाचे ढिगारे, डबकी आणि हिवताप.

नेमक्या याच अवस्थेत, एप्रिल 1842 मध्ये, आगबोटीनं सेंट लुईसला जाणाऱ्या चार्ल्स डिकन्सनं केरो पाहिलं. अमेरिकेच्या प्रवासवर्णनात त्यानं या जागेची जी निर्भर्त्सना केली आहे, तशी दुसऱ्या कोणत्या गावाची क्वचितच केली असेल. पुढे 'मार्टिन चझलविट' कादंबरीत त्यानं 'ईडन' नावाची एक फसवी वसाहत रंगवली. ती केरोवरूनच सुचली असं अभ्यासक मानतात. डिकन्सनं स्वतः केरोचे रोखे घेतले होते आणि त्याचा राग त्यानं लेखणीतून काढला, अशी एक कथा गावात हौसेनं सांगितली जाते. तिला पुरावा नाही. पण आपल्या गावाला शिव्या देणाऱ्यामागे काहीतरी देण्याघेण्याचं भांडण असणार, ही समजूत कोणत्याही गावाला शोभेल.

केरोला खरा जन्म दिला तो रेल्वेनं. सेनेटर स्टीफन डग्लस यांच्या खटपटीमुळे 1850 मध्ये केंद्र सरकारनं रेल्वेसाठी जमिनी द्यायला सुरुवात केली. त्यातून इलिनॉय सेंट्रल कंपनी उभी राहिली, आणि 1856 पर्यंत केरोहून उत्तरेकडे जाणारा तिचा लोहमार्ग पूर्ण झाला. त्या काळी जगातली ती सगळ्यांत लांब रेल्वे होती. आता केरोचं महत्त्व कागदी राहिलं नाही. शिकागोहून आलेली गाडी इथेच संपे. पुढे जायचं तर प्रवाशानं उतरावं, सामान उतरवावं, आगबोटीची वाट पाहावी. वाट पाहणाऱ्याला खानावळ लागते, खोली लागते, दारूचा गुत्ता लागतो. 1858 मध्ये केरोला शहराची सनद मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये बांध फुटून गाव पाण्याखाली गेलं, ते उपसून काढलं आणि बांध आणखी उंच केला.

बांधामुळे गावाची एक कायमची पंचाईत झाली. चारही बाजूंनी बांध म्हणजे गाव एखाद्या वाटीत बसल्यासारखं. नदी फुगली की बांधावरून पाणी येत नसे, पण जमिनीखालून पाझरून आतल्या रस्त्यांवर साचे. मग रस्ते भरावानं उंच करायचे, पदपथ लाकडी खांबांवर चढवायचे, आणि घरांचा तळमजला तसाच खाली सोडून द्यायचा. कित्येक वर्षं गावाचा बराच पैसा मातीतच जात राहिला.

मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मध्ये हक आणि पळालेला गुलाम जिम तराफ्यावरून केरो शोधत निघतात. तिथे तराफा विकायचा आणि आगबोटीनं ओहायोतून वर, गुलामगिरी नसलेल्या राज्यांकडे जायचं असा त्यांचा बेत असतो. रात्रीच्या धुक्यात केरो मागे पडतं. सकाळी काठालगत स्वच्छ पाणी आणि त्यापलीकडे गढूळ पाणी दिसतं तेव्हा हकच्या ध्यानात येतं की संगम तर ओलांडून झाला. ट्वेन स्वतः आगबोटीचा सुकाणूधर होता, म्हणून पाण्याच्या रंगाचा हा तपशील त्याला सुचला. पण जिमला केरो सापडलं असतं तरी ते स्वातंत्र्य जरा खोटंच ठरलं असतं. इलिनॉयमध्ये गुलामगिरी नव्हती हे खरं, पण 1853 च्या कायद्यानं बाहेरच्या कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहायलाच बंदी होती. हा कायदा 1865 पर्यंत टिकला.

त्या कायद्याला पहिला मोठा धक्का यादवी युद्धानं दिला, आणि तोही केरोतच. 1861 च्या वसंतात युद्ध पेटताच उत्तरेच्या सरकारनं घाईनं इथे फौज उतरवली. कारण उघड होतं. नकाशावर पाहिलं तर केरो रिचमंडपेक्षाही दक्षिणेला आहे, गुलामगिरी असलेल्या राज्यांच्या प्रदेशात पाचरीसारखं घुसलेलं. संगमावरच्या टोकाला मातीचा किल्ला झाला, त्याचं नाव फोर्ट डिफायन्स. सप्टेंबर 1861 मध्ये तिथे एक नवखा ब्रिगेडियर जनरल येऊन दाखल झाला. युद्धाआधी तो गॅलेनात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करत होता. नाव युलिसिस ग्रँट. आल्यावर दोन-चार दिवसांतच, 6 सप्टेंबरला, त्यानं वरच्या अंगाचं पडूका शहर गोळी न झाडता ताब्यात घेतलं. नोव्हेंबरात बेलमाँटला पहिली लढाई झाली. फेब्रुवारी 1862 मध्ये इथूनच आगबोटींचा काफिला घेऊन तो टेनेसी नदीत शिरला आणि दहा-अकरा दिवसांच्या अंतरानं फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन पडले. उत्तरेचे हे पहिले मोठे विजय. इथून पुढे ग्रँट कुठवर गेला ते सांगायला नको.

जवळच्या माउंड सिटीत लोखंडी पत्र्यांनी मढवलेल्या युद्धनौका बांधल्या जात. त्यातल्या एकीचं नाव 'केरो' होतं. 12 डिसेंबर 1862 ला याझू नदीत पाणसुरुंगानं ती बुडाली आणि शंभर वर्षांनी चिखलातून वर काढली गेली. आता ती व्हिक्सबर्गच्या राष्ट्रीय स्मारकात उभी आहे. गावापेक्षा नौकेला भेट देणारे लोक अधिक असावेत.

युद्धनौकांपेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र बराकींत घडत होती. ग्रँटच्या फौजा दक्षिणेत शिरल्या तसे मळ्यांतून सुटलेले गुलाम त्यांच्या मागोमाग चालू लागले. 1862 च्या शरदात युद्धमंत्री स्टँटन यांनी हुकूम काढला की या लोकांना केरोला पाठवा. बोटीमागून बोट येऊ लागली. बायका, मुलं, म्हातारी माणसं पडक्या बराकींत राहिली. थंडी, गोवर, देवी यांनी किती मेले याचा हिशेब नाही. इलिनॉयभर गोऱ्या मतदारांनी ओरड केली. निवडणूक तोंडावर होती, म्हणून सरकारनं लोकांना पुढच्या गावांत पाठवणं थांबवलं. पण जे आले त्यातले बरेच केरोतच राहिले. 1860 मध्ये गावात शंभरही कृष्णवर्णीय नव्हते. दहा वर्षांत त्यांची संख्या हजारांत गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावातल्या दर पाच माणसांत सुमारे दोन कृष्णवर्णीय होते. एवढं मोठं प्रमाण उत्तरेकडच्या फारच थोड्या शहरांत होतं. केरोचा पुढचा सगळा इतिहास या एका आकड्यावर फिरतो.

युद्धानंतरची तीसेक वर्षं गावाच्या सुखाची. सैन्याला पीठ पुरवून गब्बर झालेल्या चार्ल्स गॅलिगर या गिरणीवाल्यानं 1869 ते 1872 दरम्यान मॅग्नोलिया मॅनर नावाचा विटांचा वाडा बांधला. ओल चढू नये म्हणून त्याच्या बाहेरच्या भिंती दुहेरी, मधे हवेसाठी पोकळी. जगप्रवास संपवून आलेला ग्रँट 1880 मध्ये या वाड्यात उतरला होता. त्याच प्रवासात, 1879 च्या फेब्रुवारीत, तो आपल्या मुंबईलाही येऊन गेला होता. 1872 मध्ये दगडी कस्टम हाउस उभं राहिलं. समुद्रापासून इतक्या आत कस्टम हाउस असावं, यावरून नदीबंदराच्या उलाढालीचा अंदाज येतो. 1884 मध्ये ॲना सॅफर्ड यांनी बँकर नवऱ्याच्या स्मरणार्थ एक देखणं ग्रंथालय बांधून दिलं. ते अजून चालू आहे.

या काळातलं केरो समजून घ्यायचं तर ओहायो ओलांडणाऱ्या गाडीकडे पाहावं. नदीवर पूल नव्हता. डबे मोठ्या फेरीबोटीवर चढवून केन्टकीच्या काठाला न्यायचे. तिथे दुसरी अडचण असे. दक्षिणेकडच्या रुळांचं गेज पाच फुटांचं, उत्तरेकडचं त्यापेक्षा अरुंद. म्हणून डबा यंत्रानं उचलून त्याच्या खालची चाकं बदलायची आणि मग तो पुढे सोडायचा. हजारो डबे, शेकडो मजूर, दिवसरात्र काम. 1881 च्या जुलैत इलिनॉय सेंट्रलनं केरोपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंतच्या साडेपाचशे मैलांचे रूळ एका दिवसात सरकवून अरुंद केले. चाकं बदलायचं काम संपलं. फेरीबोटी तेवढ्या उरल्या.

29 ऑक्टोबर 1889 ला त्याही जायला निघाल्या. जॉर्ज मॉरिसन या अभियंत्यानं बांधलेला ओहायोवरचा पोलादी रेल्वेपूल त्या दिवशी खुला झाला. दोन्ही बाजूंचे चढ धरून लांबी चार मैलांच्या आसपास. पोलादाची एवढी लांब सलग रचना तोवर जगात कुठे झाली नव्हती. पूल भक्कम आहे हे दाखवण्यासाठी अवजड इंजिनं एकामागोमाग जोडून त्यावरून हळूहळू चालवली. नदीकाठी जमलेल्या गर्दीनं जल्लोष केला. आज मागे वळून पाहताना तो जल्लोष जरा विचित्र वाटतो, कारण केरोची भरभराट ज्या एका सक्तीवर उभी होती, ती सक्तीच पुलानं काढून घेतली. आता गाडीला केरोत थांबायचं कारण नव्हतं. 1905 मध्ये थोडं वरच्या अंगाला थीब्ज इथे मिसिसिपीवर पूल झाला आणि आणखी काही गाड्या गावाला वळसा घालून जाऊ लागल्या. लाकूड, कापूसबी आणि पीठ यांच्या गिरण्यांनी अजून तीसेक वर्षं गाव धरून ठेवलं. लोकसंख्या तर वाढतच होती. 1900 मध्ये 12,566, 1910 मध्ये 14,548.

या दोन जनगणनांच्या मधली एक रात्र आहे. नोव्हेंबर 1909 मध्ये ॲनी पेली या गोऱ्या तरुणीचा खून झाला आणि संशयावरून विल जेम्स या कृष्णवर्णीय मजुराला पकडलं. शेरिफ फ्रँक डेव्हिस त्याला घेऊन गावाबाहेर जंगलात लपला. जमावानं चक्क रेल्वेगाडी ताब्यात घेऊन पाठलाग केला, जेम्सला परत आणलं आणि 11 तारखेच्या रात्री भर बाजारात, आठवा रस्ता आणि कमर्शियल ॲव्हेन्यू यांच्या चौकात, विजेच्या दिव्यांनी लखलखणाऱ्या कमानीला टांगलं. दोर तुटला तेव्हा गोळ्या झाडल्या, प्रेत जाळलं. बघ्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास सांगितली जाते, म्हणजे गावाच्या लोकसंख्येच्या दोन तृतीयांशाइतकी. त्याच रात्री जमावानं तुरुंगातून हेन्री साल्झनर या गोऱ्या छायाचित्रकारालाही ओढून काढलं आणि फासावर चढवलं. त्याच्यावर बायकोच्या खुनाचा आरोप होता. गव्हर्नर चार्ल्स डेनीन यांनी पलटणी पाठवल्या.

इलिनॉयमध्ये 1905 पासून कायदा होता की कैदी जमावाच्या हाती लागला तर शेरिफचं पद जाईल. डेव्हिसला काढलं. त्यानं पद परत मिळावं म्हणून अर्ज केला, तेव्हा शिकागोहून आयडा बी. वेल्स केरोला आल्या. जमावाच्या हत्यांविरुद्ध लिहिण्यात त्यांनी आयुष्य घालवलं होतं. इथे मात्र त्यांना अनपेक्षित अडथळा भेटला. गावातले कित्येक कृष्णवर्णीयच डेव्हिसच्या बाजूनं बोलू लागले. तो आम्हाला बरा, त्यानं आमच्यातल्या काहींना हाताखाली नोकऱ्या दिल्या, दुसरा आला तर? वेल्स घरोघर फिरल्या, सभा घेतली आणि एकटीनं तयारी करून राजधानी स्प्रिंगफील्डला सुनावणीत डेव्हिसच्या वकिलांसमोर उभ्या राहिल्या. गव्हर्नरनं शेरिफचा अर्ज फेटाळला. केरोच्या इतिहासात कोणा एका माणसानं युक्तिवादानं मिळवलेला एवढा मोठा विजय दुसरा नाही, आणि तो मिळवणारी बाई गावची नव्हती.

1913 मध्ये गावानं नगर कारभाराची नवी पद्धत स्वीकारली. प्रभाग रद्द, सगळे कमिशनर सगळ्या गावानं निवडायचे. दिसायला सुधारणा. परिणाम असा की लोकसंख्येत एवढा वाटा असूनही कृष्णवर्णीयांचा एकही माणूस पुढची साठहून अधिक वर्षं निवडून आला नाही. 1940 च्या दशकात हॅटी केंड्रिक या शिक्षिकेनं गोऱ्या शिक्षकांइतका पगार मिळावा म्हणून दावा लावला. त्यांचे वकील होते थर्गुड मार्शल, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. दावा यशस्वी झाला. 1952 मध्ये काही पालकांनी मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घालायचा प्रयत्न केला, तेव्हा एका कृष्णवर्णीय डॉक्टरच्या घरावर डायनामाइट टाकलं गेलं.

1962 च्या उन्हाळ्यात विद्यार्थी चळवळीचे तरुण आले. जॉन लुइस त्यात होते, पुढे अनेक वर्षं अमेरिकी काँग्रेसचे सदस्य राहिलेले. मुद्दा होता हॉटेलांचा आणि पोहण्याच्या तलावाचा. तलाव खासगी क्लबचा असल्यानं फक्त सभासदांना प्रवेश, आणि सभासद फक्त गोरे. काळी मुलं नदीत पोहत, आणि त्या नदीत बुडूनही मरत. तलावासमोर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या तरुणांचं डॅनी लायन यांनी काढलेलं छायाचित्र पुढे चळवळीचं पोस्टर झालं. सगळ्यांना प्रवेश द्यायची वेळ आली तेव्हा, 1963 मध्ये, तलाव बंद करण्यात आला. पुढे तो सिमेंटनं भरून टाकला. केरोच्या उन्हाळ्यात, दोन नद्यांच्या दमट हवेत, गोऱ्या मुलांनाही मग पोहायला जागा उरली नाही.

हा तलाव मला गावाच्या सगळ्या निर्णयांची किल्ली वाटतो. वाटून घ्यावं लागणार असेल तर ते आपल्यालाही नको, हा हिशेब केरोनं पुढे पुन्हा पुन्हा केला.

16 जुलै 1967 ला रॉबर्ट हंट हा रजेवर आलेला एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस ठाण्यात फासाला लटकलेला सापडला. पोलीस म्हणाले आत्महत्या. त्यावर विश्वास ठेवणारं कृष्णवर्णीय वस्तीत कोणी नव्हतं. जाळपोळ झाली, नॅशनल गार्ड आले. उत्तरादाखल गोऱ्या नागरिकांनी शेकडो माणसांची सशस्त्र टोळी उभी केली. डोक्यावर पांढरी शिरस्त्राणं, म्हणून नाव पडलं 'व्हाइट हॅट्स'. कृष्णवर्णीयांची मोठी सरकारी वसाहत बांधाच्या अंगाला होती, तिचं नाव पिरॅमिड कोर्ट्स. मार्च 1969 पासून तिच्यावर रात्री गोळीबार होऊ लागला. आया मुलांना न्हाणीघरातल्या लोखंडी टबात झोपवत, कारण भिंतीतून गोळी आली तरी टबातून येत नसे.

एप्रिल 1969 मध्ये चार्ल्स कोएन या गावच्याच तरुण धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली 'युनायटेड फ्रंट' स्थापन झाली आणि कमर्शियल ॲव्हेन्यूवरच्या गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. मागणी मोठी नव्हती. आमच्या पैशावर दुकानं चालतात, तर गल्ल्यामागे आमचीही माणसं ठेवा. चळवळीचं ठाणं होतं सेंट कोलंबा हे कॅथलिक चर्च. दर शनिवारी तिथे सभा, भजनं, आणि मग बाजारपेठेतून मोर्चा. दुकानदारांनी हट्ट सोडला नाही. एकेक करून फळ्या बंद झाल्या. कृष्णवर्णीय नोकर ठेवण्यापेक्षा धंदा गुंडाळणं अनेकांनी पसंत केलं, आणि गोऱ्या पालकांनी मुलांसाठी वेगळी खासगी शाळा काढली. मार्च 1972 मध्ये केंद्रीय नागरी हक्क आयोग चौकशीसाठी केरोत येऊन बसला, तोवर बाजार जवळजवळ संपला होता. हे सगळं आज आपल्याला दिसतं ते बरंचसं प्रेस्टन यूइंग यांच्यामुळे. नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेचे ते अध्यक्ष होते आणि मोर्चात कॅमेरा घेऊनच चालत. 1960 मध्ये गावात 9,348 लोक होते, 1970 मध्ये 6,277.

बहिष्कारानं गाव मारलं असं म्हणणारे गावात अजून आहेत. मला ते पटत नाही. बहिष्कार संपवायची किल्ली गल्ल्यामागे बसलेल्यांच्या खिशात होती. हॅटी केंड्रिक मात्र थांबल्या नाहीत. म्हातारपणी त्यांनी नगर कारभाराच्या पद्धतीवर दुसरा दावा लावला, आणि 1980 मध्ये प्रभाग परत आले. परत आले तेव्हा वाटून घ्यायला गावात फार काही शिल्लक नव्हतं. 1978 मध्ये आंतरराज्य महामार्ग 57 चा पूल मिसिसिपीवर झाला आणि शिकागो ते दक्षिण असा मोटारप्रवास केरोला बाजूला ठेवून सुरू झाला. 1986 च्या अखेरीला सेंट मेरीज हॉस्पिटल बंद पडलं.

आणि मग 2011 चा पूर. गावाच्या उत्तरेला रस्ता बांधाखालून जातो तिथे 1914 पासून एक पोलादी दरवाजा टांगलेला आहे. साठ फूट रुंद, चोवीस फूट उंच, वजन ऐंशी टन. तो खाली सोडला की केरो बेट होतं. 1927 च्या महापुरानंतर केंद्र सरकारनं आणखी एक सोय केली होती. मिसूरीच्या काठावर बर्ड्स पॉइंट इथे बांधामागे 1,30,000 एकर शेतजमीन पूर सोडण्यासाठी राखून ठेवली, म्हणजे प्रसंग आला तर तो बांध फोडून नदीचा भार हलका करता येईल. 1937 मध्ये तो एकदा फोडला होता. 2011 च्या मे महिन्याच्या आरंभी केरोच्या मोजपट्टीवर पाणी 61 फुटांच्या वर गेलं. बांधांची मर्यादा 64. गावात जमिनीतून वाळूसकट पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येऊ लागलं, म्हणजे बांधाच्या पायाखालून नदी वाट काढत होती. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला.

मिसूरी सरकार बांध वाचवायला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हरलं. मिसूरी विधानसभेच्या सभापतींना पत्रकारांनी विचारलं, शेतं बुडालेली चालतील की केरो? त्यांनी केरोचं नाव घेतलं, आणि नंतर माफी मागितली. 2 मेच्या रात्री मेजर जनरल मायकेल वॉल्श यांच्या आदेशानं बर्ड्स पॉइंटचा बांध स्फोटानं उडवला. केरोचं पाणी उतरलं. पण त्या शेतजमिनीत पिनहुक नावाची एक वस्ती होती. 1940 च्या दशकात कृष्णवर्णीय वाटेकरी शेतकऱ्यांनी तिथे जमिनी घेतल्या होत्या. पूर सोडायची जमीन होती म्हणूनच ती त्यांना विकत मिळाली होती, दुसरीकडे त्यांना कोणी देत नव्हतं. पिनहुक वाहून गेलं आणि पुन्हा त्या जागी वसलं नाही. केरोत तेव्हा दर दहांत सात माणसं कृष्णवर्णीय होती. हे गाव वाचलं, ते गाव गेलं, असा तो सौदा.

पुरातून वाचलेल्या गावाला पुढच्या सहा वर्षांत सरकारी घरांनी दगा दिला. गरिबांसाठी बांधलेल्या एल्मवूड आणि मॅकब्राइड या वसाहती वर्षानुवर्षं डागडुजीविना पडल्या होत्या. उंदीर, बुरशी, बंद पडलेल्या भट्ट्या. 2016 मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं स्थानिक प्राधिकरण ताब्यात घेतलं आणि पुढच्या वर्षी जाहीर केलं की घरं दुरुस्त होणार नाहीत, पाडली जातील. 185 कुटुंबं, त्यांत मुलं पुष्कळ. गावात भाड्यानं देण्याजोगी दुसरी घरं नव्हती. ज्याला जिथे घर मिळालं तिथे तो गेला, केप जिरार्डो, पडूका, काही त्याहून लांब. 2010 मध्ये 2,831 असलेली लोकसंख्या दहा वर्षांत 1,733 वर आली, त्यात या एका निर्णयाचा मोठा वाटा आहे. शाळेच्या पटावरची मुलं त्याच वर्षात सर्रकन कमी झाली.

2015 मध्ये गावातलं शेवटचं किराणा दुकान बंद पडलं होतं. दूध, भाजी, मटण आणायचं तर गाडी काढून नदीपलीकडे, केन्टकीत किंवा मिसूरीत जायचं. ज्या पुलांवरून लोक केरोला न थांबता पुढे गेले, त्याच पुलांवरून आता केरोचे लोक बाजाराला जात. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते शेजाऱ्याला पेट्रोलचे पैसे देत. जून 2023 मध्ये गावकऱ्यांनी सरकारी अनुदानाच्या मदतीनं स्वतःचं सहकारी किराणा दुकान उघडलं, सभासद काळे आणि गोरे दोन्ही. ते चालवणं सोपं गेलं नाही. घाऊक विक्रेत्यांना एवढ्या छोट्या गावासाठी ट्रक पाठवणं परवडत नाही. संगमावरून धान्यानं भरलेल्या बार्जेस मात्र रोज खाली न्यू ऑर्लिन्सकडे जात असतात, आणि त्या थांबाव्यात म्हणून तिथे नवं बंदर बांधायला राज्य सरकारनं चार कोटी डॉलर मंजूर केलेले आहेत.